गिरणीवाल्याच्या गळ्यातला फोन

अहो, आता मी ओरडत नाही.

गेली कितीतरी वर्षं तुमच्याशी एक शब्द बोलायचा म्हणजे तो आधी गल्लीला ऐकवायचा. "चहा ठेवू का?" असं मी तुम्हाला विचारलं की पलीकडून शेवंता म्हणायची, "ठेव की, मला बी घोटभर." घरातलं एक बोलणं आपलं राहिलं नव्हतं. ओरडून ओरडून माझ्या गळ्याचा भोंगा झाला. आता तुम्ही नाही आणि मला हळू बोलायची सवय नाही, म्हणून लिहायला बसलेय. मनीषा म्हणाली, "आई, आत अडकलंय ते कागदावर टाक, नाहीतर डोकं फुटेल तुझं." पोरगी बारामतीला लॅबमध्ये नोकरी करते, तिला सगळ्यावर इलाज माहीत असतो. माझं डोकं बिकं काही फुटत नाही. मला राग आलाय, आणि तो तुमच्यावरही आहे.

काल तुमचा दहावा झाला. कऱ्हेच्या काठावर मंडप घातला होता, खुर्च्या होत्या, आणि माइक लावला होता. होय, माइक! तुमच्यासाठी! त्याचं सांगते पुढं. आधी आपलं दोघांचं बोलू द्या.

तुम्ही मला बघायला नरसिंहपूरला आलात तो दिवस आठवतो? पोहे खाताना तुम्ही माझ्या वडलांशी इतक्या मोठ्यानं बोलत होता की ते आत येऊन आईला म्हणाले, "पोरगं भांडकुदळ दिसतंय." बाहेर तुमचे चुलते सांगत होते, "तसं न्हाय पावणं. पोरगं गिरणीवर असतंय, त्याला हळू बोलायचं ठावंच न्हाय." मी दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होते. गिरणी तेव्हापासूनच तुमचे कान खात होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याच नरसिंहपूरला गेल्या आठवड्यात मी आणि मनीषा तुमच्या अस्थी घेऊन गेलो. संगमावर गुरुजी अगदी बारीक आवाजात मंत्र म्हणत होते. माझ्या तोंडावर आलं होतं, जरा मोठ्यानं म्हणा हो, त्यांना ऐकू येत नाही.

गिरणीचं तर काय सांगायचं तुम्हाला! सगळं गाव मन मोकळं करायला तुमच्याकडं यायचं. पट्टा फिरायला लागला की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही काही ऐकू जात नसे. बायका दळणाचा डबा ठेवायच्या, तुमच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायच्या, आणि ते ओरडणं गिरणीच्या आवाजात बुडून जायचं. सासूचा जाच, नवऱ्याची दारू, पोराचं प्रकरण, सगळं तुमच्या कानात. गडीमाणसंही काही कमी नव्हती. तुम्ही भुवयांवर पीठ घेऊन मान हलवत उभे. मी जेवायला वाढताना विचारायची, "ती इतका वेळ काय म्हणत होती हो?" तुम्ही घास मोडत म्हणायचा, "दळण बारीक पायजे म्हणत होती." दुसऱ्या दिवशी दुसरी कुणी. "ती काय म्हणत होती?" "दळण बारीक पायजे." अख्ख्या गावाला दळण बारीकच पाहिजे होतं बघा! जळफळाट व्हायचा माझा. बायकोला तरी सांगावं की माणसानं! पण नाही. कुणाचं एक अक्षर तुम्ही बाहेर जाऊ दिलं नाहीत. हे मी आज मुद्दाम लिहितेय, कारण पुढं जे झालं ते या माणसाच्या बाबतीत झालं.

मग कान गेलेच. आधी एक, मग दुसरा अर्धा. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून मशीनची किंमत सांगितली तर तुम्ही त्यांना म्हणालात, "मला ऐकू न्हाय आलं." डॉक्टर हसले, मी नाही हसले. शिबिरात फुकट मिळालेलं मशीन कानात घातलं की शिट्टी मारायचं. ते तुम्ही काढून टाकलंत ते थेट ज्वारीच्या डब्यात सापडलं. हळूहळू लोकांनी तुमच्याशी बोलणं सोडून दिलं. बहिऱ्याशी बोलायचं म्हणजे लोकांना कष्ट वाटतात. "कसं काय आबा?" एवढं म्हणायचे, तुम्ही "व्हय व्हय" म्हणायचा, आणि ते पुढं निघून जायचे. हॉटेलात तुमच्या दोस्ताच्या, तात्यांच्या शेजारची खुर्ची तुमची होती, पण त्या खुर्चीवर बसून तुम्ही नुसते लोकांच्या तोंडाकडं बघत असायचा. ते हसले की तुम्ही हसायचा, थोडं उशिरा. मी एकदा एसटीची वाट बघताना ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला बघवेना.

मनीषानं तिचा जुना फोन आणला, आणि ती डबी. डबीत दोन पांढरी बोंडं, कानात घालायची, वायर नाही काही नाही. ती म्हणाली, "आबा, हे मशीन नव्हं. कामचलाऊ हाय. डॉक्टरांनाबी विचारलंय मी. फोन जितं ठेवाल तितला आवाज तुमच्या कानात येणार." म्हणजे फोन हाच तुमचा कान, आणि तो हातात धरून माणसापुढं न्यायचा. तुम्ही डबी उघडझाक करून बघितली, म्हणालात, "बोळक्यासारखी हाय." फोन हातातून निसटेल म्हणून पोत्याची सुतळी ओवून तो गळ्यात अडकवलात. मनीषानं कपाळावर हात मारला.

पहिल्यांदा तुम्ही तो माझ्याकडं केलात आणि म्हणालात, "बोल काय तरी." मी म्हटलं, "काय बोलू? जेवलात का?" तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "तुझा आवाज म्हातारा झाला गं."

किती राग आला मला! इतक्या वर्षांनी नवऱ्याला धड ऐकू आलं आणि पहिलं वाक्य हे? मी म्हटलं, "तुमच्यापायी ओरडून झाला." तुम्ही म्हणालात, "ओरडताना नव्हता कळत." त्या दिवशी आपण भांडलो, पण हळू आवाजात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच! गल्लीला काही कळलं नाही. मग तर रोजच तसं चाललं. तुम्ही ओट्यावर, मी चुलीपाशी, फोन माझ्या पाटाजवळ, आणि आपली कुजबुज. शेवंता काळजीनं विचारायला आली, "का गं, अबोला धरलाय का तुमी?" मी म्हटलं, "व्हय, धरलाय," आणि तुम्ही तिकडून हसलात, अगदी वेळेवर. ते दिवस तुम्ही मला दिलेत. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे. दुसऱ्या कुणी ते दिले नसते.

लोक हसलेच म्हणा. कुणाच्या मातीला गेलात तर मागं कुजबुज, "बघा, म्हातारं हितंबी गाणी ऐकतंय." मला वाटलं तुम्हाला लागेल. तुम्ही ते ऐकलंत, फोन त्यांच्याकडं वळवलात आणि म्हणालात, "कुठलं लावू?" घरी येऊन मला सांगताना डोळ्यांतनं पाणी येईतो हसलात.

आणि हॉटेल. सकाळी लवकर आवरून, टोपी झटकून, डबी खिशात टाकून तुम्ही निघायचा. फोन तात्यांच्या बशीशेजारी ठेवायचा आणि खुर्चीला टेकून बसायचा. तात्या म्हणजे तुमचे लहानपणापासूनचे जोडीदार. एका पाटीवर शिकलेले, एका विहिरीत पोहायला शिकलेले. सगळ्यात मोठं बोलणं त्यांचंच, म्हणून फोन त्यांच्यापुढं. घरी येऊन तुम्ही मला सगळं सांगायला लागलात. कोण काय म्हणालं, कुणाची कशी जिरवली. गिरणीतलं कधी सांगितलं नाहीत, पण हॉटेलातलं सांगायचा, कारण ते चारचौघांतलं होतं. तुम्हाला तुमची माणसं परत मिळाली होती आणि तुमचं वय उतरल्यासारखं वाटायचं मला.

मग आली सोसायटीची निवडणूक. तात्या उभे. त्याच सुमाराला शेजारच्या गावात कुणाचं तरी बोलणं कुणीतरी फोनमध्ये धरलं आणि तालुकाभर फिरवलं. त्या माणसाचं नाव पॅनलमधून उडालं म्हणे. झालं! जो तो दुसऱ्याच्या हाताकडं बघून बोलायला लागला. तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तुम्ही रोजच्यासारखे गेलात, फोन बशीशेजारी ठेवलात. तात्यांचं चाललं होतं, कोण कुठल्या पॅनलचं, कोण आतून कुणाचं. फोन दिसला आणि ते थांबले.

"आबा, हे उचल."

तुम्हाला वाटलं चहा सांडेल म्हणून म्हणतायत. तुम्ही फोन जरा सरकवलात.

"फोन उचल म्हणलं!"

"आरं, मग मला ऐकू कसं येणार?"

"न्हाय आलं तर काय बिघडलं?"

एवढंच. तुम्ही घरी आलात ते लवकर आलात. फोन सुतळीसकट खुंटीला अडकवलात आणि मला सांगितलंत. मग म्हणालात, "त्याला वाटतंय मी त्याचं रेकॉर्डिंग करतोय." तुम्हाला फोनवरून मला धड कॉल लावता येत नव्हता. मनीषानं दाखवलेल्या एका जागेवर बोट दाबायचं, तेवढंच तुम्हाला येत होतं. रेकॉर्डिंग!

पण गावात ते पसरायला कितीसा वेळ लागतो? गिरणीवाल्याच्या गळ्यातला फोन चालू असतो, जपून बोला. गिरणीत बायका डबा ठेवायच्या आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहायच्या. तुम्ही पट्टा बंद करून, बोंडं कानात घालून, फोन पुढं करून म्हणायचा, "बोल बाई, कसं दळू?" तर ती बोटांनी खूण करायची. बारीक! ज्या बायांची अब्रू तुम्ही इतकी वर्षं पोटात ठेवलीत, त्या बाया तुम्हाला बोटांनी खुणा करायला लागल्या. फोन पुढं केला तर माणूस गप्प, खिशात ठेवला तर तुम्ही बहिरे. दोन्हीकडून तुमच्या वाट्याला शांतताच आली.

मी म्हटलं, जा, हॉटेलात उभं राहा, फोन सगळ्यांच्या हातात द्या, म्हणावं बघा उघडून काय आहे त्यात. तुम्ही नाही म्हणालात. मी म्हटलं, मनीषाला बोलावते, ती समजावेल चारचौघांत. नाही. "अहो, पण का?" तर म्हणालात, "मी जलमभर कुणाचं काय बाहेर सांगितलं न्हाय. आता ह्या वयात शपथा घेत फिरू?" ही तुमची ऐट! ह्या ऐटीनं तुमचं नुकसान केलं, तात्यांचं नाही. हे भांडण आपलं अर्धंच राहिलंय आणि मी अजून माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. जायला पाहिजे होतं तुम्ही. त्यांच्या तोंडावर फोन आपटायला पाहिजे होता.

तुम्ही गेला नाहीत, म्हणून मी गेले. तुम्हाला हे माहीत नाही. तात्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "वैनी, आबा तसला न्हाय, मला का ठाव न्हाय? पण बाकीच्यांचं त्वांड कसं धरू? तेवढं इलेक्शन होऊ द्या. मग मी स्वतः येतो घरला, त्याला घेऊन जातो." मी विश्वास ठेवला. निवडणूक झाली. तात्या निवडून आले. गुलाल खेळत मिरवणूक आपल्या दारावरून गेली, तात्या जीपमध्ये उभे होते, त्यांनी हात वर केला, सगळ्या गल्लीला करतात तसा. तुम्ही ओट्यावर होता. तुम्हीही हात वर केलात. त्यानंतर ते आपल्या दारात आले नाहीत.

आणि तुम्ही काय केलंत? फोन गोठ्यात नेऊन दावणीच्या खांबाला अडकवलात आणि इकडं ओट्यावर बोंडं घालून बसलात. मी विचारलं, "काय ऐकताय?" "म्हैस रवंथ करतीय." "त्यात काय ऐकायचंय?" तर म्हणालात, "हिला इलेक्शन न्हाय." मी हसले. तुम्ही नाही हसलात. संध्याकाळ झाली की तुम्ही आणि ती म्हैस. शेवंताला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला त्या म्हशीचा हेवा वाटायचा आणि उपकारही वाटायचे. तुमच्या फोनला न घाबरणारी माझ्याखेरीज तीच एक होती.

छातीत दुखायला लागलं तेव्हा बारामतीला नेलं. आत घेताना नर्सनं तुमच्या अंगावरचं सगळं काढून एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. करदोडा, टोपी, डबी, सुतळीसकट फोन. मी म्हटलं, "बाई, ते त्यांचे कान हायत." ती म्हणाली, "आत फोन चालत नाही, मावशी." तिचा नियम असेल. पण डॉक्टर तुम्हाला काय काय विचारत होते आणि तुम्ही सगळ्याला "व्हय व्हय" म्हणत होता, हे मी काचेतून बघत होते. मला थोडा वेळ आत सोडलं. मी मोठ्यानं बोलायला लागले तर म्हणे हळू बोला, इथं बाकीचे पेशंट आहेत. हळू! तुमच्याशी! फोनशिवाय!

तुम्हीच बोललात. विचारलंत, "तात्या आला व्हता का?"

बाहेरच्या बाकावर मनीषा होती, जावई होते. निरोप गावात पोचला होता, तात्यांच्या घरीही. मी तुमच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाही. मान हलवली. नाही. तुम्ही थोडा वेळ छताकडं बघितलंत आणि डोळे मिटलेत. माझा हात तुमच्या हातात होता. मला सांगायचं होतं की मी आहे, मनीषा आहे, म्हशीला शेवंता बघतेय. ते कसं सांगू? खुणेनं? गिरणीतल्या त्या बायांसारखं?

हे झालं आपलं. आता कालचं.

विधवेनं घाटावर कशाला, असं भावकीतल्या दोघीतिघींनी मला म्हणून बघितलं. मी म्हटलं, नवरा माझा गेलाय, तुम्ही कशाला आलात? पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती माणसाची, तृप्त गेले आबा. कावळ्याला भूक लागली होती, दुसरं काय!

मग माइक. टेबलावर तुमचा हार घातलेला फोटो, शेजारी माइक. एकेक उठून बोलायला लागला. ज्यांनी तुम्हाला "कसं काय"च्या पुढं एक शब्द ऐकवला नव्हता, ते काल पाच-पाच मिनिटं झाली तरी थांबेनात. आवाज नदीच्या पलीकडं जात होता. आणि शेवटी तात्या उठले. पांढरी टोपी, रुमाल डोळ्यांना. म्हणाले, "गिरणीवाले आबा म्हणजे देवमाणूस. उभ्या गावाचं सुखदुःख त्यांनी ऐकून घेतलं. माझा तर भाऊच गेला. शेवटच्या दिवसापर्यंत आमचा सकाळचा चहा कधी चुकला न्हाय..."

तिथं मी उठले.

दवाखान्यातली ती पिशवी अजून माझ्याजवळच असते. त्यातून तुमचा फोन काढला, सुतळी त्याला तशीच होती. टेबलापाशी गेले. डबी उघडून तुमच्या फोटोपुढं ठेवली आणि फोन ठेवला तात्यांच्या पुढ्यात, माइकशेजारी, तुम्ही बशीजवळ ठेवायचा तसा.

तात्यांचं बोलणं जागच्या जागी थांबलं. ते फोनकडं बघत होते. मग त्यांनी माइकवर हात धरला, माझ्याकडं वाकले आणि हळूच विचारलं, "वैनी, बंद हाय ना?"

दहाव्याला, अहो! तुमच्या फोटोसमोर!

मला माइक लागला नाही. इतकी वर्षं तुमच्यासाठी ओरडून कमावलेला गळा होता माझ्याकडं, सगळ्या काठाला पुरेल एवढा. मी म्हटलं, "बंद हाय, तात्या! ऐकणारा माणूस गेला. आता बिनघोर बोला!"

मी तिथंच उभी राहिले. तात्यांनी माइकवरचा हात काढला आणि खाली बसले.